रक्तात पहिला नंबर

हामागासुमी म्हणजे किनाऱ्यावरचं धुकं. पोरगा पंधराव्या वर्षी आओमोरीचा समुद्र सोडून टोकियोत, सुमिदा नदीकाठच्या एका सुमो तालमीत दाखल झाला, तेव्हा वस्तादांनी मोठ्या हौसेनं त्याला आखाड्यासाठी हे नाव दिलं. घरचं नाव शिगेयुकी ओकुदा, पण ते पुढं फक्त आईच्या तोंडी उरलं. आणि ठेवलेलं नाव फळावं तरी किती! खालच्या फळीतल्या कुस्त्या सकाळी लागतात. त्या वेळी एवढ्या मोठ्या सभागृहात झाडूवाले असतात आणि घरी सुनेशी पटत नाही म्हणून लवकर येऊन बसलेले चार म्हातारे. त्यांच्यापुढं हा धुक्यासारखा यायचा आणि ऊन वर चढायच्या आत ओसरून तालमीत परत. वीस वर्षं हेच. वरच्या फळीच्या पैलवानाला सरावाला पांढरा लंगोट मिळतो. हामाचा काळाच राहिला, आणि तोही विटून राखाडी झाला.

पण सराव म्हणाल तर एक दिवस चुकला नाही. पहाटे पोटात कण न घालता आखाड्यात उतरायचं. पाय डोक्याच्या उंचीला न्यायचा, क्षणभर तोलायचा आणि धरणी हादरेल असा आपटायचा. याला शिको म्हणतात. तो शेकड्यांनी घालायचा. मग धडका, मग ढकलाढकल, मग अंघोळ. नंतर चांको, म्हणजे कोंबडी, मासळी, कोबी, टोफू असं हाताला लागेल ते घालून रटरटवलेलं पातेलंभर कालवण. त्याबरोबर भात, किती ते विचारायचं नाही. आणि त्यावर दुपारची ठार झोप. "खाणं हा सराव आहे, झोपणं हाही सराव आहे," असं वस्ताद उठता-बसता सांगायचे. हामाला ते अगदी पटलं होतं. या दोन प्रकारांत तो कधी हरलाच नव्हता!

दर वर्षी मे महिन्याची स्पर्धा संपली की एका इस्पितळातल्या इमाइझुमी डॉक्टरीणबाई तालमीत यायच्या आणि पैलवानांचं रक्त न्यायच्या. चरबी हा त्यांचा अभ्यासाचा विषय. आता चरबीचा अभ्यास करायला याहून बरी जागा त्यांना कुठं मिळणार होती? एका वर्षी त्या परत आल्या आणि हामाला म्हणाल्या, "हामा-सान, तुम्ही पहिले आलात."

हामानं मागं वळून पाहिलं. त्याला वाटलं, दुसरा कुणी हामा मागं उभा असेल.

"कशात?"

"रक्तात. तुम्हाला वाटतं चरबी म्हणजे नुसतं कोठार. तसं नसतं. चरबी एक रस बनवते आणि रक्तात सोडते. अ‍ॅडिपोनेक्टिन म्हणतात त्याला. तो रक्तातली साखर ज्या त्या ठिकाणी पोचवायला मदत करतो, नसा चांगल्या राखतो. सज्जन रस आहे. तुमच्या रक्तात तो सगळ्या तालमीत जास्त निघाला."

तालमीतल्या पोरांनी संध्याकाळपर्यंत त्या लांबलचक नावाचं 'अदिपो' करून टाकलं, आणि हामा झाला 'अदिपोचा योकोझुना'. योकोझुना म्हणजे महापैलवान, त्याच्यावर कुणी नाही. पोरं भांडी घासता घासता त्याला लवून नमस्कार करायची आणि खिदळायची. हामानं मात्र लगोलग गावी आईला फोन लावला.

"आई, मी पहिला आलो."

"अगंबाई! कुस्तीत?"

"नाही. चरबीत."

मग आई म्हणाली, "बरं. दोन वेळ जेवतोस ना? मग झालं."

वय वाढलं, हार वाढली, तसं त्याच्याकडं तालमीचं स्वयंपाकघर आलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून टोफू आणायचं कामही त्याचंच. दुकान चिनात्सु चालवायची. बारीक अंगाची, बोलायला फटकळ, चाळिशीला टेकलेली विधवा.

"एवढा टोफू कोण खातं हो?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"आम्ही बाराजण."

"आणि जगातला उरलेला कोण खातं?"

तिथंच हामा चीतपट झाला. नंतर तो टोफू तीन खेपांत न्यायला लागला. एका खेपेत मावत नाही म्हणे! ज्याच्या खांद्यावर आख्खं दुकान मावलं असतं त्यानं हे सांगावं आणि तिनं ते खरं मानावं, यावरून कुणालाही कळायला हवं होतं. कळायचं ते कळलंही. पण खालच्या फळीतल्या पैलवानाला लग्न करून वेगळं राहायची परवानगी नसते. लग्न करायचं तर आखाडा सोडायचा. हामा छत्तीस वर्षांचा होता. सोडायला त्याची तयारी होती. अडचण निराळीच होती, आणि तिचं नाव तोमीए बाई.

तोमीए बाई म्हणजे चिनात्सुची आई. सगळी नोकरी वॉर्डाच्या आरोग्य केंद्रात गेली. सरकारनं चाळिशीपुढच्या सगळ्यांची पोटं मोजायची टूम काढली तेव्हा फीत या बाईंच्या हातात होती. बेंबीवरून फीत फिरवायची. पुरुष पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत असला तर पास, पुढं गेला तर 'मेताबो', म्हणजे चरबीचा रोगी. हा शब्द त्या वर्षांत शिवीसारखा सुटला होता. चांगले कारकून, हेडमास्तर या बाईंपुढं श्वास ओढून उभे राहायचे आणि बाई म्हणायच्या, "सोडा श्वास. मला घाई नाही."

त्यांनी पहिला जावई पारखून आणला होता. नोबुकाझु. सडसडीत, एकोणऐंशी सेंटिमीटर. तोमीए बाई दर वर्षी स्वतः त्याचं पोट मोजत आणि शेजारणींना आकडा सांगत. त्रेचाळिसाव्या वर्षी तो ऑफिसच्या लिफ्टमध्ये चढला आणि वर पोचला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. हृदय बंद पडलं. रक्तात साखर होती, नसा बुजल्या होत्या. पण ते कुणी बघितलंच नव्हतं. सडपातळ माणसाचं काय बघायचं? चिनात्सुनं काळा किमोनो नेसून नवऱ्याला पोचवलं आणि ती वडिलांच्या मागं बंद पडलेलं टोफूचं दुकान उघडून बसली.

"बारीक होता तो त्रेचाळीसला गेला," तोमीए बाई म्हणाल्या, "आणि आता तू हा डोंगर आणून दाखवतेस. हा कितीला जाईल?"

"आई, एकदा भेट तरी."

हामा भेटायला आला तो दारातून आडवा होऊन आत शिरला. बाईंनी चहाआधी फीत काढली. फीत बेंबीपासून निघाली आणि फेरा पुरा व्हायच्या आत संपली. बाईंनी आतून शिवणाची दुसरी फीत आणली, दोन्ही जोडल्या. चिनात्सु एक टोक धरून हामाभोवती फिरली. खरं सांगायचं तर ती जरूरीपेक्षा सावकाश फिरली.

"एकशे बावन्न," बाई म्हणाल्या. "हे पोट आहे की बंदर? पैलवान, राग मानू नका. एकदा मुलीला काळ्या कपड्यात बघितलं. पुन्हा नाही बघणार."

हामाला असं बोलणं जमत नसे. मग त्याच्याकडं आयुष्यात जे एकच बक्षीस होतं ते त्यानं बाहेर काढलं. "आई, मी... रक्तात पहिला आहे."

बाईंना वाटलं, माणूस डोक्यानं कमी आहे. पण चिनात्सुनं डॉक्टरीणबाईंनाच घरी आणलं. इमाइझुमी बाईंनी मांडी घालून सगळं समजावलं. पैलवानाची चरबी कातडीखाली असते, आतड्यांभोवती फार थोडी, कारण रोजचा सराव तिला तिथं बसूच देत नाही. कातडीखालची चरबी गुणाची, सज्जन रस गाळत राहते. माणूस वरून बारीक असला पण आत आतड्यांभोवती चरबी दाटली, तर तो रस आटतो. मग साखर वाढते, नसा बुजतात.

"म्हणजे एखादा एकोणऐंशी सेंटिमीटरवालासुद्धा?" तोमीए बाईंनी विचारलं.

"सुद्धा."

बाई फितीची गुंडाळी करत बसल्या. झाली तरी उलगडून पुन्हा करत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "माझ्या ओळखीच्या केंद्रात या माणसाचं रक्त मी तपासून घेणार. तालमीतलं नको, तिथं सगळे एकमेकांचे." तपासलं. लहान मुलाला लाजवेल असं निघालं. बाईंनी होकार दिला तोही त्यांच्या पद्धतीनं. "मी रक्त बघून मुलगी देतेय, पैलवान. माणूस बघून नाही."

आखाडा सोडताना पैलवानाची शेंडी कापतात; हामाचा तो सोहळा एका खाणावळीत झाला. मोठ्यांचा सभागृहात होतो, धुक्याचा कोण करणार? प्रत्येकानं कात्रीनं एकेक केस कापला, शेवटचा घाव वस्तादांनी घातला आणि हामागासुमी संपून शिगेयुकी ओकुदा उरला. पण हामा म्हणायचं कुणी सोडलं नाही. तो टोफूच्या दुकानावरच्या माडीत राहायला गेला आणि नदीपलीकडच्या एका चांकोच्या खाणावळीत संध्याकाळचा स्वयंपाकी झाला.

आता ऐका या भल्या माणसानं काय केलं ते. तालमीचे सगळे नियम त्यानं पाळले. अगदी कसोशीनं! सकाळी पोटात कण घालायचा नाही. एक वाजता भरपूर जेवायचं. जेवलं की झोपायचं. चिनात्सु म्हणायची, "अहो, थोडं फिरून तरी या." तर हा गंभीर होऊन म्हणे, "शिस्त मोडली की माणूस संपतो." एवढ्या सगळ्या शिस्तीतून एकच बाब गळाली होती, ती म्हणजे पहाटेचा आखाडा. आखाडा पैलवानांचा. त्याची शेंडी गेली होती, मग आखाडाही गेला. त्याच्या हिशेबी यात काही चुकत नव्हतं. आधी सराव, मग खाणं, मग झोप. एक सराव सुटला, दोन राहिले. तीनातले दोन म्हणजे वाईट काय?

आणि गंमत अशी की तो बारीक व्हायला लागला. खांदे उतरले, मांड्या वितळल्या, तोमीए बाईंनी भाताचा वाडगा लहान केला. फीत आता एकच पुरायला लागली. गल्लीत ज्यानं त्यानं अभिनंदन केलं. गल्लीच्या सार्वजनिक न्हाणीघरात बाई टबातल्या बायकांना ऐकवायच्या, "आमचे जावईबापू एकशे बावन्नवरून एकशे बारावर आले. लक्ष द्यावं लागतं बाई." हामाही खूश. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुकानात तयार शर्ट मिळाला.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये इमाइझुमी बाईंनी त्याला इस्पितळात बोलावलं. आखाडा सोडलेल्यांचंही त्या रक्त बघायच्या. हामा नवा शर्ट घालून गेला, चिनात्सु आणि तोमीए बाई बरोबर. बक्षीस समारंभाला निघाल्यासारखी तिघं गेली.

डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकत होते. "हामा-सान, तुम्ही पुन्हा पहिले!"

हामा लाजला.

"इतक्या लवकर इतकी घसरण आजवर कुणाची झाली नाही. अदिपो, म्हणजे अ‍ॅडिपोनेक्टिन, पार तळाला गेलंय. साखर वाढलीय, यकृतावर चरबी आहे. हे पोटाचं आतलं चित्र बघा. कातडीखालची चरबी गेली आणि आतड्यांभोवतीची आली. वजन उतरतंय आणि आतून भरतंय. अभ्यासाला फार म्हणजे फार उपयोगी!" मग तिघांचे चेहरे त्यांना दिसले असावेत. त्या खाली बघत म्हणाल्या, "अर्थात, काळजी घ्यायला हवी."

तिघं घरी आली. दार लागलं आणि तोमीए बाई फुटल्या.

"मी मुलगी दिली ती त्या रक्ताला! हे कुणाचं रक्त? सांगा, काय सोडलंत?"

"काहीच नाही, आई. सगळे नियम पाळतोय. वेळेवर खातो, वेळेवर झोपतो."

"आणि सकाळचं ते पाय आपटणं?"

"ते... शेंडी कापली ना."

"शेंडीत होता का अदिपो?"

बाईंनी असं विचारल्यावर कुणाही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी पाय आपटले असते. हामानं नाही. बिनशेंडीच्या माणसानं शिको घालायचा म्हणजे पेन्शनीतल्या न्यायाधीशानं नाक्यावर बसून निकाल द्यायचे. लोक हसतील. वीस वर्षं लोकांसमोर हरला तेव्हा लाज वाटली नव्हती, आता मात्र लाज वाटायला लागली! तोमीए बाई म्हणाल्या, बागेत जा. बागेत शाळेची पोरं असतात म्हणाला. व्यायामशाळेत नाव घातलं तर काटकुळ्या मनगटाचा एक मास्तर त्याला उठाबशा शिकवायला लागला. हामानं नम्रपणे वाकून निरोप घेतला. चालायला गेला तर गुडघे बोलले आणि दुसऱ्या गल्लीतल्या भाजलेल्या कोंबडीनं त्याला बसवून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "गोळ्या दिल्यात ना डॉक्टरांनी. घेईन की."

चिनात्सु काहीच बोलली नाही. फटकळ बाई गप्प बसली की घर जड होतं.

जुलै सरत आला, पाऊस उघडला, उन्हं कडक पडली. या दिवसांत घरोघर पेट्यांतले ठेवणीतले कपडे काढून वारा देतात. हामा दुपारी झोपून उठला आणि डोळे चोळत बघतो तर माडीत दोरीवर काळा किमोनो टांगलेला. चिनात्सु त्याच्या बाह्यांवरून हात फिरवत होती.

"हा कशाला काढलास?"

"कसर लागते."

"मागच्या वर्षी नव्हता काढलास."

"मागच्या वर्षी लागेलसं वाटलं नव्हतं." हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "अहो, मला भीती वाटते हो. नोबुकाझुही असाच मजेत होता."

त्या दिवशी हामा खाणावळीत मीठ घालायला विसरला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो खाली उतरला. दुकानामागं अंगण आहे, सोयाबीनची पोती ठेवण्याइतकं, तिन्ही बाजूंनी आडोसा. तिथं गल्लीतलं कुणी बघणार नव्हतं. नुसत्या लंगोटात उभं राहून पाय रोवले, हात गुडघ्यांवर ठेवले, उजवा पाय उचलला. पूर्वी डोक्याएवढा जायचा, आता कमरेएवढाच गेला आणि थरथरला. पण खाली आला तो मात्र हामागासुमीचाच. धप्प! पुन्हा. धप्प! दहा झाले तेव्हा तो पोत्याला धरून उभा होता आणि धापा टाकत होता.

आत दुकानात ती वेळ रेशमी टोफू थिजायची. सोयाबीनच्या दुधात विरजणाचं पाणी पडलं की साच्याला बोट लावायचं नाही. धक्का लागला की टोफू तडकतो. चिनात्सुच्या डोळ्यांदेखत साच्यातला टोफू पहिल्या धप्पला शहारला, दुसऱ्याला मधोमध चिरला आणि दहाव्यापर्यंत त्याचे तुकडे झाले. आख्खी सकाळ वाया. ती पळी घेऊन तरातरा अंगणात आली. हामानं पळी बघितली आणि मान खाली घातली.

"टोफू गेला का?"

"गेला. किती झाले?"

"दहा."

"वस्ताद दहावर सोडायचे?"

"...नाही."

"मग?" एवढंच म्हणून ती आत वळली.

तोमीए बाईंनी दोनचार दिवस बघितलं आणि लेकीला गाठलं. "त्याला दिवसा घालू दे ना! नऊ वाजता साचे रिकामे असतात. धंदा बसेल अशानं."

"नऊला गल्लीतली माणसं डोकावतात. तो परत आत जाऊन झोपेल. आई, लाजत का होईना, तो घालतोय ना? घालू दे."

पुढच्या तपासणीला रस थोडासा वर सरकला होता. फार नाही, पण साखर हलली होती. इमाइझुमी बाईंनी अभिनंदन केलं खरं, पण त्यांचा चेहरा किंचित उतरलेला वाटला. सरळ खाली निघालेली इतकी सुरेख रेघ मधेच वर वळली होती! पोटाचा घेर तोमीए बाईंनी मोजला नाही. हल्ली त्या फीत कपाटात ठेवतात आणि न्हाणीघरात आकडा सांगत नाहीत.

दुकानात मात्र तक्रारी येतात. आता हेच बघा. पलीकडच्या गल्लीतल्या उशियामा आजी, त्यांचं घर चार पिढ्यांचं रेशमी टोफूचं गिऱ्हाईक. परवा उजाडता उजाडता भांडं पुढं करून कडाडल्या, "चिनात्सु, काय हे! आजही फुटका? तुझ्या बापाच्या वेळी आरशासारखा गुळगुळीत मिळायचा. आख्खा टोफू मिळत नाही का या दुकानात?"

चिनात्सुनं तुकडे हलकेच भांड्यात ओतले. मागं अंगणात धप्प झालं, पाटावरची भांडी वाजली. ती हसली, पण डोळे पुसले.

"फुटकाच न्या, आजी. ज्या दिवशी आख्खा निघेल ना, त्या दिवशी मला आधी विचारा, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून."